पोस्टग्रेसचा सर्व्हर हाताने चालवताना: इनिटडीबी आणि पीजी-सीटीएलचं परीक्षण

पॅकेज इन्स्टॉल केलं की पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसची सर्व्हिस अनेक ठिकाणी आपोआप सुरू होते, 5432 पोर्टवर सर्व्हर ऐकू लागतो आणि पुढे कित्येक महिने त्याकडे कुणी बघत नाही. मग कधी त्याच मशीनवर दुसरा क्लस्टर (एका डेटा डिरेक्टरीतला, एका सर्व्हरने चालवलेला डेटाबेसचा संच) उभा करायचा असतो, कधी डेटा वेगळ्या डिस्कवर न्यायचा असतो, तर कधी रीस्टार्टनंतर सर्व्हर उठतच नाही. तेव्हा गाठ पडते ती तीन प्रोग्रॅम्सशी: डेटा डिरेक्टरी तयार करणारा इनिटडीबी, प्रत्यक्ष सर्व्हर असलेला पोस्टग्रेस आणि त्याला चालू-बंद करणारा पीजी-सीटीएल. तिघेही जुने, पक्के आणि नकार देताना कारण सांगणारे आहेत. फक्त त्यांनी "झालं" म्हटलं म्हणून तुम्हाला हवं होतं तेच झालं असं धरून चालू नये. सगळी मेख तिथेच आहे.

आधी एक वरवरचा अडथळा. डेबियन आणि उबुंटूवर हे प्रोग्रॅम नेहमीच्या पाथमध्ये नसतात. ते यूएसआर-लिबखालच्या पोस्टग्रेसक्यूएल डिरेक्टरीत, आवृत्तीच्या आकड्याच्या फोल्डरमधल्या बिनमध्ये असतात. कमांड सापडली नाही असा संदेश आला म्हणून लगेच पुन्हा इन्स्टॉल करू नका, पूर्ण पाथ देऊन बघा. याच डिस्ट्रोंवर कॉन्फिग फाइल्स डेटा डिरेक्टरीत न ठेवता ईटीसीखाली ठेवतात आणि क्लस्टर हाताळायला पीजी-सीटीएलक्लस्टर नावाचं वेगळं आवरण देतात. तिथे पॅकेजने बनवलेल्या क्लस्टरवर थेट पीजी-सीटीएल वापरलं तर कॉन्फिग फाइलच सापडत नाही अशी तक्रार येते.

इनिटडीबीचा स्वभाव कडक आहे आणि तो तसाच असावा. रूट म्हणून चालवलात तर तो काम करत नाही, डिरेक्टरी रिकामी नसेल तर हात लावत नाही. माउंट पॉइंटच, म्हणजे डिस्क जिथे जोडली जाते ती डिरेक्टरीच, थेट डेटा डिरेक्टरी म्हणून दिलात तर आतली फाइलसिस्टिमची लॉस्ट-अँड-फाउंड डिरेक्टरी बघून तो थांबतो आणि खाली एक उपडिरेक्टरी करा असं सुचवतो. हा सल्ला मनापासून पाळावा. डिस्क माउंट व्हायची राहिली तर उपडिरेक्टरीच दिसत नाही, त्यामुळे सर्व्हर सुरू व्हायचं नाकारतो. माउंट पॉइंटच डेटा डिरेक्टरी असेल तर त्या जागी रिकामी डिरेक्टरी दिसते आणि एखादी सुरुवातीची स्क्रिप्ट तिथे कोरा क्लस्टर बनवून टाकू शकते.

तीन गोष्टी मात्र इनिटडीबीच्या वेळीच ठरवायला हव्यात. पहिली चेकसम, म्हणजे डिस्कवरचा डेटा बिघडलाय का ते ओळखणारे आकडे. आवृत्ती 18 पासून ते आपोआप चालू असतात. त्याआधीच्या आवृत्तीत स्मॉल के हा पर्याय स्वतः द्यावा लागतो. विसरलात तर आवृत्ती 12 पासून पीजी-चेकसम्स वापरून नंतर चालू करता येतात, पण त्यासाठी सर्व्हर बंद हवा आणि सगळा डेटा वाचून लिहिला जाईपर्यंत थांबावं लागतं.

दुसरी लोकेल, म्हणजे अक्षरांचा क्रम वगैरे ठरवणारी भाषेची सेटिंग. काही सांगितलं नाही तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या त्या शेलमध्ये जे लोकेल असेल ते उचललं जातं. मजकुरावरच्या इंडेक्सचा क्रम त्यावर ठरतो. ऑपरेटिंग सिस्टिमची जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बदलली की हा क्रम बदलू शकतो. 2018 च्या 2.28 मध्ये तो मोठ्या प्रमाणावर बदलला होता. परिणामी जुने इंडेक्स चुकीचे ठरतात, ओळ टेबलात असूनही शोधात सापडत नाही, आणि री-इंडेक्स केल्याशिवाय गत्यंतर नसतं. आवृत्ती 17 पासून बिल्टइन, म्हणजे जीलिबसीवर न विसंबणारा पोस्टग्रेसचा स्वतःचा, लोकेल प्रोव्हायडर आहे. भाषेनुसार क्रम सर्व्हरने लावायची गरज नसेल तर तोच निवडावा.

तिसरी गोष्ट ऑथेंटिकेशनची, आणि या संचाबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. काही न सांगता इनिटडीबी चालवला तर लोकल जोडण्यांसाठी ट्रस्ट पद्धत लागू होते. म्हणजे त्या मशीनवरचा कुठलाही युजर पासवर्डशिवाय सुपरयुजर म्हणून आत येऊ शकतो. इनिटडीबी तसा इशारा छापतो, पण तो शेवटच्या ओळींत आणि स्क्रिप्टमधून चालवल्यावर कोण वाचतो? सुरुवातीलाच लोकलसाठी पीअर (ऑपरेटिंग सिस्टिमचा युजर तपासणारी पद्धत) आणि होस्टसाठी, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्यांसाठी, स्क्रॅम-शा-256 (पासवर्डची पद्धत) असे दोन पर्याय द्यावेत. दोन्हीकडे पासवर्डची पद्धत निवडलीत तर सुपरयुजरचा पासवर्डही तिथेच द्यावा लागतो: कॅपिटल डब्ल्यूने तो विचारला जातो, किंवा पासवर्ड फाइल देता येते.

आता पीजी-सीटीएल. कॅपिटल डीने डेटा डिरेक्टरी, स्मॉल एलने लॉग फाइल आणि पुढे स्टार्ट, एवढं पुरतं. लॉग फाइल टाळू नका. ती दिली नाही तर सर्व्हरचे संदेश त्याच टर्मिनलवर येत राहतात, आणि कमांडचं आउटपुट पाइपने पुढे दिलं असेल तर पाइप बंदच होत नाही, कारण मागे चालू राहिलेल्या सर्व्हरने तो धरून ठेवलेला असतो. स्क्रिप्ट अडकून पडते आणि दोष पीजी-सीटीएलला दिला जातो.

आवृत्ती 10 पासून स्टार्ट ही कमांड सर्व्हर तयार होईपर्यंत थांबते, पण 60 सेकंदच. क्रॅशनंतर वॉल (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद) वाचून रिकव्हरी चालू असेल तर त्याला याहून खूप जास्त वेळ लागू शकतो. वेळ संपल्यावर पीजी-सीटीएल अपयशाचा कोड देऊन बाहेर पडतं, पण रिकव्हरी मागे सुरूच असते. अशा वेळी सर्व्हर मारून पुन्हा सुरू करणं म्हणजे झालेलं काम पुसून पुन्हा रांगेत उभं राहणं. स्मॉल टी पर्यायाने मुदत 600 सेकंद करा आणि मध्ये पीजी-इझरेडी या प्रोग्रॅमला विचारत राहा. तो 0 देतो तेव्हा जोडणी मिळते, 1 म्हणजे सर्व्हर आहे पण सध्या नाकारतोय, 2 म्हणजे उत्तरच नाही. रिकव्हरी चालू असताना 1 दिसतो. मॉनिटरिंगमध्ये 1 आणि 2 यांना एकाच मापाने मोजू नये.

खरी परीक्षा कॉन्फिगरेशनची, आणि इथे पोस्टग्रेसने दिलेली सोय उत्तम आहे, फक्त ती माहीत असायला हवी. सेटिंग एकाहून अधिक ठिकाणांहून येतं. आधी मुख्य पोस्टग्रेसक्यूएल-डॉट-कॉन्फ वाचली जाते. तिच्यावर ऑल्टर सिस्टिम या एसक्यूएल कमांडने लिहिलेली ऑटो-डॉट-कॉन्फ मात करते, आणि त्या दोन्हींवर सुरू करताना कमांड लाइनवर दिलेला पर्याय. पुढे डेटाबेस किंवा रोलवर लावलेलं मूल्य त्या सेशनपुरतं याही वर बसतं. फाइलमध्ये शेअर्ड बफर्स (सर्व्हरची सामाईक कॅश मेमरी) 4 जीबी लिहून रीस्टार्ट केलं, तरी प्रत्यक्षात 1 जीबीच दिसतंय, असं झालं की बहुतेक वेळा कुणीतरी कधीकाळी ऑल्टर सिस्टिम चालवलेलं असतं.

हे शोधायला पीजी-सेटिंग्ज हा व्ह्यू बघा. सेटिंग या कॉलममध्ये 131072 दिसेल आणि युनिटमध्ये 8 केबी. गुणाकार केला की 1 जीबी. शेजारी सोर्स, सोर्सफाइल आणि सोर्सलाइन हे कॉलम नेमकी फाइल आणि ओळ दाखवतात, आणि पेंडिंग-रीस्टार्ट सांगतो की बदल वाचलाय पण रीस्टार्टशिवाय लागू होणार नाही. सोर्सफाइल रिकामा दिसला तर एक तर ते मूल्य फाइलमधून आलेलं नाही, नाहीतर तुमच्या रोलला परवानगी नाही असं समजा. परवानगीसाठी सुपरयुजर किंवा पीजी-रीड-ऑल-सेटिंग्ज हा रोल लागतो. डेटाबेस सर्व्हरने स्वतःबद्दल इतकं नेमकं सांगावं, हे फार मोलाचं आहे.

कमांड लाइनवरच्या पर्यायांची आणखी एक खोच. स्मॉल ओ देऊन पोर्ट किंवा इतर काही बदलून सर्व्हर सुरू केलात की ते पोस्टमास्टर-डॉट-ऑप्ट्समध्ये नोंदवलं जातं आणि पीजी-सीटीएल रीस्टार्ट तेच पर्याय पुन्हा लावतं. चाचणीपुरता दिलेला पर्याय असा मुक्कामाला राहतो. कायमचं काही असेल तर फाइलमध्ये लिहा.

रीलोडवर, म्हणजे सर्व्हर बंद न करता कॉन्फिग पुन्हा वाचायला लावण्यावर, तर अजिबात विसंबू नका. पीजी-सीटीएल रीलोड फक्त सिग्नल पाठवतं आणि पाठवला एवढंच सांगतं. फाइलमध्ये चूक असेल तर चालू सर्व्हर लॉगमध्ये नोंद करून जुन्याच मूल्यांवर चालत राहतो. तीच चूक पुढच्या रीस्टार्टला सर्व्हर उठूच देत नाही. सहा महिन्यांपूर्वीचा बदल अपरात्री असा उलटतो. म्हणून रीलोडच्या आधी पीजी-फाइल-सेटिंग्ज या व्ह्यूमधला एरर कॉलम बघावा, आणि रीस्टार्टच्या आधी पोस्टग्रेस प्रोग्रॅमला कॅपिटल डीने डिरेक्टरी व कॅपिटल सीने एखाद्या सेटिंगचं नाव देऊन चालवावं. सर्व्हर सुरू न करता तो कॉन्फिग वाचतो, मूल्य छापतो आणि चूक असेल तर तिथेच सांगतो.

चुका बहुतेक एककांच्या असतात. मेगाबाइट लिहिताना एम आणि बी दोन्ही कॅपिटल हवेत, किलोबाइटमध्ये के स्मॉल आणि बी कॅपिटल. एकक विसरलात तर चूक दाखवली जात नाही, मूल्य भलतंच होतं: शेअर्ड बफर्स 512 म्हणजे 512 ब्लॉक, प्रत्येकी 8 केबी, म्हणजे जेमतेम 4 एमबी. वर्क मेम (सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) 64 म्हणजे 64 केबी.

मेमरीची डिफॉल्ट मूल्यं लहान मशीन डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहेत. शेअर्ड बफर्स 128 एमबी असतो. फक्त डेटाबेससाठी असलेल्या मशीनवर एकूण रॅमच्या 25 टक्क्यांपासून सुरुवात करावी. इफेक्टिव्ह कॅश साइज मेमरी घेत नाही, प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) फक्त अंदाज देतो. वर्क मेम वाढवताना हात आखडता ठेवा. तो जोडणीमागे एकदाच मोजायचा नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशसाठी वेगळा धरायचा, आणि आवृत्ती 15 पासून हॅशला त्याच्या दुपटीची मुभा आहे. 100 जोडण्या आणि 64 एमबी हे गणित एकेका सॉर्टचंच 6.25 जीबीवर जातं. लिनक्सची मेमरी संपली की कर्नल एखादी प्रोसेस मारतो, आणि एक बॅकएंड (एका जोडणीची प्रोसेस) असा मेला तरी पोस्टमास्टर (मुख्य सर्व्हर प्रोसेस) सगळ्या जोडण्या तोडून रिकव्हरी करतो.

बाहेरून जोडणी होत नसेल तर दोन जागा तपासा. लिसन अ‍ॅड्रेसेस डिफॉल्टने फक्त लोकलहोस्ट असतो आणि तो बदलायला रीस्टार्ट लागतो. कोणी कसं आत यायचं ते ठरवणाऱ्या पीजी-एचबीए-डॉट-कॉन्फला रीलोड पुरतं, पण तिथे वरून खाली जुळणारी पहिलीच ओळ लागू होते. ती पासवर्डवर अडली तर खालची ओळ पाहिलीच जात नाही, त्यामुळे नवी नेमकी ओळ जुन्या ढोबळ ओळीच्या वर हवी.

बंद करताना आवृत्ती 9.5 पासून डिफॉल्ट असलेला फास्ट प्रकारच योग्य. स्मार्ट प्रकार सगळे क्लायंट जाईपर्यंत वाट बघतो, आणि कनेक्शन पूल असेल तर ते कधीच जात नाहीत. इमिजिएट प्रकारात पुढच्या वेळी रिकव्हरी ठरलेली. किल 9 कधीही नको, कारण सर्व्हरने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेस आणि शेअर्ड मेमरी तशीच मागे राहू शकते. सर्व्हर उठत नाही म्हणून पोस्टमास्टर-डॉट-पीआयडी फाइल उडवायच्या आधी तिची पहिली ओळ, म्हणजे सर्व्हरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), वाचा. तो पीआयडी आणि त्या डेटा डिरेक्टरीवर चालणारी कुठलीही पोस्टग्रेस प्रोसेस जिवंत नाही याची खात्री करा. एकाच डेटावर दोन सर्व्हर चढले तर बॅकअपशिवाय वाट उरत नाही.

ज्या मशीनवर क्लस्टर सिस्टिमडीकडे (लिनक्सच्या सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेकडे) सोपवलेला आहे तिथे स्टार्ट-स्टॉपसाठी पीजी-सीटीएल वापरू नका. हाताने सुरू केलेल्या सर्व्हरची सिस्टिमडीला खबर नसते, ते आपला दुसरा सुरू करायला जातं आणि लॉक फाइल आधीच आहे म्हणून अपयशी ठरतं. स्टेटस आणि रीलोडसाठी मात्र पीजी-सीटीएल तिथेही निर्धास्त वापरा. सिस्टिमडीची सुरू होण्याची मुदतही वाढवून ठेवा, नाहीतर लांबलेली रिकव्हरी तेच मध्ये तोडतं.