बॉनेटला गंज होता म्हणे

१,७२,२९८ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले?" एवढं कळण्यासाठी कुणी शेवटपर्यंत वाचत बसायला नको. घरी पहिले आठ दिवस मी "पन्नासेक हजार" सांगत होतो. खरा आकडा बायकोला बँकेच्या स्टेटमेंटवरून कळला आणि त्यानंतर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

मी कोल्हापूरचा. घराखालच्या पार्किंगमध्ये माझी सॅन स्टॉर्म उभी असते. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी गाडी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली, गोव्यात बनायची. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं, तिकडे युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये असायचं तेच. आणि बॉडी फायबरची. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरच माझी लाज निघणार आहे.

ही गाडी पाळणं म्हणजे मिस्त्री व्हावंच लागतं. कंपनीच राहिली नाही, तर सर्व्हिस सेंटर कुठलं? टायमिंग बेल्ट भाच्याच्या बॅगेतून जर्मनीहून येतो. बुश, पिना, ब्रॅकेट असलं काही लागलं की उद्यमनगरात लेथवाल्याकडे नमुना घेऊन जायचं. तो चहा पितापिता करून देतो. माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे, ट्रॉली जॅक आहे, गाडी उचलून टेकवायची चार घोडी आहेत, पान्यांचा सेट वडिलांच्या वेळचा आहे. पुढच्या बंपरचा कोपरा फुटला होता तेव्हा मॅट आणि रेझिन आणून मी स्वतः भरला, लांबी लावली, घासला, रंग मारला. म्हणजे फायबर काय असतं हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

पण काच लेथवर होत नाही. २०२४च्या दिवाळीनंतर कागलकडून येताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली आणि समोरच्या काचेला डावीकडे वीतभर तडा गेला. दुसऱ्या कुठल्याच गाडीची काच तिथे बसत नाही. तीन काचवाले फिरलो. एकाने "सपाट असती तर कापून दिली असती" म्हणून हात जोडले. शेवटी जुन्या गाड्यांच्या दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मी फोटोसकट टाकलं: स्टॉर्मची समोरची काच हवी, किंवा काच शाबूत असलेली बंद गाडीही चालेल, किंमत योग्य देईन. खाली माझा नंबर, गावासकट.

चोराला यापेक्षा जास्त काय लागतं? काय हवं, किती हवं आणि कुठे पोचवायचं, सगळं मीच लिहून दिलं होतं.

फेब्रुवारी २०२५च्या सुरुवातीला फोन आला. बोलणं मऊ, मराठी चांगली, मधूनच कोकणी हेल. म्हणाला, वास्कोला घर आहे, मी शिपवर असतो, गाडी चार वर्षं शेडमध्ये पडून आहे, व्यवहार मेव्हणा बघतो. फोटो आले. लाल स्टॉर्म, गोव्याचा नंबर, काच अख्खी. २,८५,००० वर सौदा ठरला. वर तो म्हणाला, "साहेब, आता फक्त टोकन द्या. बाकीचे गाडी तुमच्या दारात उतरल्यावर, चालवून बघून द्या." चोर असं बोलतो का? मला तरी तेव्हा वाटलं, नाही बोलत. बाकीचे म्हणजे अडीच लाखांवर रक्कम गाडी बघून द्यायची होती, मग धोका कसला!

नंबर मी परिवहनच्या अॅपवर टाकून बघितला बरं का. आंधळेपणाने नाही दिले पैसे. मॉडेल स्टॉर्म, नोंदणी २००१ची, फिटनेस २०२१ला संपलेला, मालकाचं नाव चांदण्यांनी झाकलेलं पण पहिलं अक्षर जुळणारं. मला आनंद झाला. आता कळतं की त्या तपासणीतून एवढंच सिद्ध झालं की असा नंबर असलेली एक स्टॉर्म गोव्यात आहे. ती त्या माणसाची आहे हे कुठे लिहिलं होतं? कुणाच्याही गाडीचा फोटो रस्त्यावर काढता येतो. चॅसिस नंबर जिथे ठोकलेला असतो तिथला फोटो मागा, आणि तोही व्हिडिओ कॉलवर, समोर, कॅमेरा मध्ये बंद न करता गाडीच्या नंबर प्लेटपासून तिथपर्यंत नेऊन. नेट नाही म्हणाला तर फोन ठेवा.

आता तो क्षण. टोकन देण्याआधीचा कॉल. मी विचारलं, बॉडी कशी आहे? तो म्हणाला, "एकदम चोख साहेब. बॉनेटला थोडा गंज धरला होता, तो काढून डेंटिंग-पेंटिंग करून घेतलंय."

बॉनेटला गंज.

फायबरला गंज धरत नाही. फायबरला डेंट पडत नाही, ते तडकतं. माझ्या नखांत रेझिन अडकून महिनाभर निघालं नव्हतं, आणि तो माणूस मला सांगतोय की बॉनेटला गंज होता. त्याने स्टॉर्मला आयुष्यात हात लावलेला नाही हे त्या एका वाक्यात उघडं पडलं होतं. आणि मी काय म्हणालो? "बरं बरं, रंग कुठला मारलाय?"

ते वाक्य मला ऐकू आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. मनात काहीतरी टोचलंही. पण मीच त्याच्या वतीने उत्तर तयार केलं: बिजागरीला म्हणत असेल. शिपवरचा माणूस, त्याला काय कळतंय फायबर आणि पत्रा. काच अख्खी दिसत होती ना फोटोत. त्या काचेपलीकडे मला काही दिसत नव्हतं. मुलीला सांगूनही झालं होतं की आता दोन होतील, एक तुझी.

कुडाळला माझा सख्खा मावसभाऊ राहतो. वास्कोला जाऊन यायला त्याला अर्धा दिवस पुरला असता. त्याला सांगितलं नाही, कारण पहिली गाडी घेतली तेव्हा "हे डबडं कशाला?" म्हणून त्याने वर्षभर पिडलं होतं. घरीही सांगितलं नव्हतं. गाडी दारात आली की सांगू, असा बेत. ज्या व्यवहाराची गोष्ट तुम्ही घरात लपवताय, तो आधी घरात सांगा. ओरडा खा. फुकट असतो.

६ फेब्रुवारीला टोकन २१,००० गेले. यूपीआयवर पैसे टाकताना नाव आलं एका बाईचं, आडनाव मराठी नाही, कोकणीही नाही. विचारलं तर म्हणे मेव्हण्याच्या भागीदारणीचं खातं. पडद्यावर येतं ते नाव वाचा आणि ज्याच्याशी बोलताय त्याचं नसेल तर थांबा. अॅपने दाखवलं होतं, मीच पुढे ढकललं.

८ तारखेला ३४,५०० गेले. थकलेला टॅक्स आणि एनओसी. मेव्हणा म्हणे आरटीओत रांगेत उभा आहे, मागे गर्दीचा आवाजही येत होता. ८ फेब्रुवारी म्हणजे दुसरा शनिवार. सरकारी कार्यालयात कसली रांग! पावती व्हॉट्सअॅपवर आली, तिच्यावर शिक्का वाकडा, आणि मला वाटलं, वाकडा आहे म्हणजे खराच असणार. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर एनओसीचा फॉर्म २८, आणि नावावर करायला २९ आणि ३०. त्या फॉर्मांवर मालकाची सही लागते, मालकाची, मेव्हण्याची नाही. हे मला पाठ आहे. आधीच्या गाडीचं सगळं मी एजंटाशिवाय केलं होतं, त्याचा मला गर्व होता.

१० तारखेला फ्लॅटबेडचं भाडं १६,८००. संध्याकाळी ट्रकवर चढवलेल्या लाल गाडीचा फोटो आला. ताडपत्रीत गुंडाळलेली. ताडपत्रीखाली स्टॉर्म होती की कुणाची जुनी मारुती, देव जाणे. मी मात्र त्या रात्री पार्किंगमधली सायकल, कुंड्या आणि कॉम्प्रेसर हलवून दुसऱ्या गाडीची जागा झाडून घेतली.

११ तारखेला ड्रायव्हरचा फोन. पत्रादेवीला नाक्यावर अडवलंय, अनामत भरा, कोल्हापुरात पोचली की परत मिळते. ४९,९९९. पन्नासला एक रुपया कमी का? तर म्हणे वर गेलं की पॅन लागतं. जीएसटी आल्यापासून एका जुन्या खासगी गाडीला हद्दीवर कोण असली अनामत मागतं, हे विचारायची शुद्धच नव्हती. ट्रक रस्त्यात उभा, ड्रायव्हर उपाशी, पावती फाटत नाही, आणि दर पाच मिनिटांनी फोन. भरले. वीस मिनिटांनी पुन्हा फोन: एंट्री फेल दाखवतंय, पुन्हा तेवढेच टाका, पहिले आपोआप रिव्हर्स होतील. पुन्हा ४९,९९९ भरले.

हसा. मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं असतं तर मीही हसलो असतो. पण चार दिवसांत ७२,३०० आधीच अडकलेले असतात तेव्हा माणूस नवे पैसे देत नसतो, जुने सोडवत असतो.

रात्री साडेनऊला सगळे फोन बंद झाले. मी अकराला स्कूटर काढून हायवेवरच्या तावडे हॉटेलपाशी जाऊन उभा राहिलो, फ्लॅटबेड येईल म्हणून. दीड वाजेपर्यंत.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला मी १३ तारीख उजाडू दिली. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात तासाभरात जातात; रात्री साडेनऊलाच फोन केला असता तर कदाचित काही थांबलं असतं. लाज आवरून आधी तो नंबर लावा, रडायचं ते नंतर रडा.

पण त्यानंतर जे झालं ती माझी चूक नाही. पोर्टलवरचा पोच क्रमांक घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्या साहेबांनी फोटो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "ही खेळण्यातली आहे का?" दुसरा प्रश्न, "स्पोर्ट्स कार पावणेतीन लाखात येते का हो?" शेजारचे दोघे हसले. मग म्हणाले, हे सायबरचं काम. सायबरला गेलो. ते म्हणाले रक्कम मोठी नाही, स्थानिक ठाण्यात द्या. एक लाख बहात्तर हजार मोठी रक्कम नाही! परत ठाण्यात. आता म्हणे गुन्हा गोव्यात घडला, तिकडे जा. मी म्हटलं, साहेब, मी पैसे कोल्हापुरात बसून पाठवले, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असो, खबर लिहून घ्यावी लागते. झिरो एफआयआर. ते म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नाही. "मग बसा."

बसलो. तीन वेळा बसलो. चौथ्या खेपेला "तक्रार अर्ज" म्हणून घेतला, गुन्हा म्हणून नाही. त्यासाठी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट लागलं. बँकेने त्याचे ११८ रुपये घेतले, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. त्याच बँकेच्या साहेबांनी मला समजावलं की खात्यातून परस्पर पैसे गेले असते तर गोष्ट वेगळी, पण पिन तुम्ही स्वतः टाकलात, तेव्हा आमचा संबंध नाही. पाचही वेळा पिन मीच टाकला, हे मला त्यांनी पाच वेळा सांगितलं. ज्या खात्यात पैसे गेले ते गोव्यातलंही नाही, महाराष्ट्रातलंही नाही. ते खातं कुणी, कुठली कागदपत्रं बघून उघडून दिलं, हा प्रश्न मात्र कुणाच्याच टेबलावर नाही.

एप्रिलमध्ये कळलं की त्या खात्यात ८,२१४ रुपये होल्ड झालेत. ते हवे असतील तर न्यायालयाचा आदेश आणा. वकिलाने फी सांगितली १५,०००. ते ८,२१४ तिथेच आहेत.

आणि मे महिन्यात एक नवीन फोन. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रिकव्हरी झालीय, दहा टक्के प्रोसेसिंग भरा." माझा पोच क्रमांक त्याला तोंडपाठ होता. कुठून मिळाला असेल? एकदा फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते असं ऐकून होतो, आता मी त्या यादीत आहे. या फोनवाल्याला मी विचारलं, माझ्या गाडीचं बॉनेट कशाचं असतं? त्याने फोन ठेवला.

काचेचा तडा आता वाढत वाढत वायपरपर्यंत आलाय. पावसात गाडी काढत नाही. ज्याच्याकडे स्टॉर्मची समोरची काच खरोखर आहे, त्याने सांगावं. मी स्वतः येईन, कुडाळच्या भावाला बरोबर घेऊन, बॉनेटवर टिचकी मारून आवाज ऐकेन, आणि पैसे तिथेच देईन. तिथेच म्हणजे काच गाडीत ठेवल्यावर.