काउन्सेलिंग: स्क्रीनवर की समोरासमोर?

दीड वर्ष मी एकाच काउन्सेलर मॅडमकडे जातोय. पहिले आठ महिने व्हिडिओ कॉलवर, त्यानंतर ठाण्यात, नौपाड्यातल्या त्यांच्या खोलीत. माणूस तोच, विषय तेच, बदलली ती फक्त बसायची जागा. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांना म्हणूनच हे सांगावंसं वाटलं.

ऑनलाइन नसतं तर मी सुरुवातच केली नसती. मी कासारवडवलीला राहतो. संध्याकाळी घोडबंदर रोडवरून नौपाड्यात पोचायला कधीकधी सव्वा तास लागतो, आणि मन थाऱ्यावर नसताना न जायला तेवढं कारण पुरतं. क्लिनिकच्या जिन्यात कुणी ओळखीचं भेटेल ही धास्तीही नव्हती. स्वतःबद्दलच्या काही गोष्टी तर मी स्क्रीनसमोरच पहिल्यांदा बोललो. समोर बसून त्या इतक्या लवकर तोंडून निघाल्या नसत्या.

एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये काउन्सेलर आणि क्लायंट यांच्यातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा बंध. पहिल्या दोन बाबतीत ऑनलाइनमध्ये मला काही कमी पडलं नाही. तिसरं मात्र अडायचं, आणि ते अडायचं मी गप्प झालो की.

बाबा गेले त्या रात्रीबद्दल सांगत होतो. "मी फोन उचलला नाही," एवढं म्हणून थांबलो. पुढचं वाक्य अगदी ओठांवर होतं. मॅडमही थांबल्या. स्क्रीनवर त्यांचा चेहरा हलेना. चार-पाच सेकंद गेले असतील.

"हॅलो, आवाज येतोय का?"

"हो हो, येतोय. बोला ना."

नेट व्यवस्थित होतं. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. पण ते वाक्य गेलं ते गेलंच, पुढे कितीतरी आठवडे आलं नाही. नंतर लक्षात आलं की हे जवळजवळ दर सेशनला होतंय. कधी मी विचारायचो, कधी त्या. कॉलवर कुणी बोलेनासं झालं की लाइन गेली असंच आपल्याला वाटतं, त्याला कुणाचाच इलाज नाही.

खोलीत तेच वाक्य पुन्हा आलं तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. पंखा फिरत होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पाण्याचा ग्लास किंचित माझ्याकडे सरकवला. त्या ऐकताहेत का, हे विचारावं लागलं नाही.

सेशननंतरचंही आहे. घरी लॅपटॉप मिटला की दाराबाहेर आई, "भात लावू का?" नौपाड्याहून निघालो की मी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं बसतो, मग घरी.

हा एकट्याचा अनुभव आहे. ऑनलाइन क्लायंटही या नात्याबद्दल जवळपास तितकेच समाधानी असतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. घरात तान्हं बाळ असेल, गावात काउन्सेलरच नसेल, तर वाट बघत बसू नका, ऑनलाइन सुरू करा. फक्त घरात दार लावून बोलता येतंय ना, ते आधी बघा. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर यातलं काहीच ठरवत बसू नका. घरच्या कुणाला तरी लगेच सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते. दोन्ही जमण्यासारखं असेल तर मात्र पहिली चार-पाच सेशन्स समोर बसून करा, असं मी म्हणेन.

पावसाने रस्ता तुंबला की आम्ही आजही ऑनलाइन भेटतो. तेव्हा मी गप्प झालो की मॅडम हात हलकेच वर करून दाखवतात, म्हणजे नेट चालू आहे हे मला कळतं. त्याने बराच फरक पडलाय. पण रस्ता मोकळा असेल तर सातच्या सेशनसाठी मी साडेपाचलाच घरातून निघतो.