बादली कुणी पळवली? सुट्टीत वाचायला एक छोटं रहस्य-कॉमिक

बेनीची बादली सापडत नाहीये. शेजारी कुणीतरी नवीन राहायला आलंय, पण ते आहे कोण? राक्षस असला तर? आणि बादली त्यानंच उचलली असली तर? जेफ्री हेज यांचं 'बेनी अँड पेनी इन द बिग नो-नो!' एवढ्याशा संशयावर उभं आहे. बेनी-पेनी ही उंदरांची भावंडं. दुसऱ्याच्या अंगणात न विचारता शिरायचं नसतं हे दोघांना पक्कं ठाऊक आहे, तरी ती शिरतात. शेवट इथे फोडत नाही.

टून बुक्सनं हे इंग्रजी कॉमिक 2009 साली काढलं आणि नवशिक्या वाचकांच्या पुस्तकांना अमेरिकेत दिला जाणारा गाइझेल पुरस्कार त्याला 2010 मध्ये मिळाला. पानं 32, आणि रंगीत पेन्सिलींची इतकी मऊ चित्रं की मूल पान उलटायचं विसरतं.

पुस्तकाची खरी ताकद मात्र वेगळीच आहे. बेनी जे ठासून सांगतो ते चित्रात दिसतंच असं नाही. म्हणून वाचताना मुलाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा: "हे बेनीनं पाहिलं, की त्याला नुसतं वाटतंय?" सहा-सात वर्षांचं मूल दोन-तीन पानांतच बोट ठेवून चित्र तपासायला लागतं. पुरावा आणि संशय यांतला फरक इतक्या लहान वयात, इतक्या कमी शब्दांत समजावणारं पुस्तक शोधूनही सहज मिळत नाही.

पहिल्या बैठकीत शब्द वाचूच नका. फक्त चित्रं बघत शेवटाच्या जरा अलीकडे थांबा आणि "बादली कुठे असेल?" याचं मुलाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा. दुसऱ्या बैठकीत बेनी तुम्ही, पेनी मूल. एका चौकटीत संवादाचे दोन फुगे असले की मुलं हमखास घोटाळा करतात, मोठा फुगा आधी वाचतात आणि मग उत्तर प्रश्नाच्या आधी येतं. वरचा आणि डावीकडचा फुगा आधी, हे बोट फिरवून दाखवा. तिसऱ्या वेळी पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि चिठ्ठी उघडा.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी असलं तरी मराठी माध्यमाची मुलं इथे दोन ठिकाणी अडतात. एक म्हणजे 'पेल', अर्थात बादली. त्यांना 'बकेट' माहीत असतं, आणि सगळं रहस्य तर या पेलभोवतीच फिरतं! तेव्हा घरातली छोटी बादली समोर ठेवून शब्द आधीच सांगून टाका. दुसरं म्हणजे 'इट्स', 'डोन्ट' अशी बोलण्यातली जोडरूपं. ती पाटीवर सुटी करून लिहिली की पुरतं. 'नो-नो' म्हणजे 'अजिबात करायची नाही अशी गोष्ट'. प्रत्येक वाक्याचं मराठी करत बसू नका, तसं केलं की मूल चित्र सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं.

उणीव एकच, पुस्तक फार लवकर संपतं. सराईत वाचणारी तिसरी-चौथीची मुलं दहा मिनिटांत फडशा पाडतील. त्यांच्यासाठी हे घेऊ नका. टून बुक्सच्या पुस्तकांवर 1 ते 3 अशी पातळी छापलेली असते आणि बेनी-पेनी दुसऱ्या पातळीचं आहे. नुकतीच अक्षरं जुळवायला लागलेल्या मुलासाठी आधी पहिल्या पातळीचं एखादं आणा, तिथे पानावर एक-दोनच चौकटी असतात. आणि घेताना साध्या बांधणीची प्रत मागा. हे पुस्तक मुलाच्या हातात पुन्हा पुन्हा जाऊन झिजणारच आहे, तेव्हा पुठ्ठ्याच्या बांधणीसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.