‘ओसेज’ म्हणून गळ्यात मारलेलं लाकूड

हाताने धनुष्य बनवणाऱ्यांनी, त्यातही लाकूड न पाहता मागवणाऱ्यांनी, हे जरूर वाचावं. एका विक्रेत्याने मला ओसेज ऑरेंज या झाडाच्या लाकडाच्या नावाखाली ब्लॅक लोकस्ट या दुसऱ्याच झाडाचं लाकूड खपवलं, तेही अर्धवट ओलं.

लोकस्ट टाकाऊ लाकूड आहे असं मुळीच नाही. खरं नाव सांगितलं असतं तर मी खुशीने घेतलं असतं आणि धनुष्य वेगळ्या मापाचं केलं असतं. गोम इथेच आहे. धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. ओसेज दोन्ही सोसतं, म्हणून त्याचे बाहू, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंचे वाकणारे भाग, अरुंद ठेवता येतात. लोकस्ट ताण उत्तम घेतं, पण दाबाखाली कमी पडतं. त्याला रुंद, सपाट पोट लागतं. मी ओसेजच्या हिशेबाने बाहू अरुंद काढले. थोडे बाण मारून होतात न होतात तोच पोटावर केसासारख्या बारीक, आडव्या सुरकुत्या उमटल्या. तिथले तंतू दाबाने मोडले होते. ते पुन्हा जुळत नाहीत.

आता माल कसा सजवला होता ते बघा. जाहिरातीत ‘अनेक वर्षं वाळवलेलं’ असं लिहिलेलं. ताजं ओसेज झगझगीत पिवळं असतं आणि उजेडात राहून हळूहळू तपकिरी होतं, हे जाणकारांना ठाऊक असतं. म्हणून लाकडावर नारिंगी-तपकिरी वॉर्निश फासलेलं, बघणाऱ्याला वाटावं की चांगलं जुनं आहे. दोन्ही टोकांना जाडजूड मेण. मेण लावणं योग्यच. नाहीतर टोकांतून ओलावा भराभर उडतो आणि तडे जातात. पण इथे त्याच मेणाखाली वार्षिक वलयंही, म्हणजे दर वर्षीच्या वाढीचे थरही, झाकले गेले होते.

सगळ्यात चलाखी वजनात. 12 टक्के ओलाव्याला ओसेज घनमीटरला सुमारे 855 किलो भरतं, लोकस्ट 770च्या आसपास. म्हणजे लोकस्ट हातालाच हलकं लागायला हवं. पण आत पाणी शिल्लक असेल तर हा फरक भरून निघतो. ओलाव्याने खोटं नाव झाकलं आणि वॉर्निशने ओलावा. मी नेहमीप्रमाणे लाकूड अधूनमधून तोलत होतो, तर वजन उतरतच चाललेलं. विचारल्यावर उत्तर आलं: ‘हवामानाचा फरक.’ खरोखर वाळलेलं लाकूड हवेप्रमाणे थोडं वर-खाली होतं, आठवड्यामागून आठवडे एकाच दिशेने उतरत नाही. वजन थांबेपर्यंत मी रंधा लावला नाही.

‘पाठ तयार करून दिली आहे’ ही आणखी एक मेहेरबानी. पाठीवर एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड हवं. विक्रेत्याने यंत्राने सपाट रंधून चार-पाच वलयं आडवी कापून ठेवली होती. अखंड वलय मिळेपर्यंत खाली उतरावं लागलं, त्यात जाडी गेली ती गेलीच.

सुरकुत्या पडल्यावर उरलेल्या ढलप्या कोमट पाण्यात टाकल्या. ओसेजमध्ये पाण्यात उतरणारा पिवळा रंग असतो, थोड्याच वेळात पाणी पिवळं होतं. माझं पाणी जवळजवळ तसंच राहिलं. हे कळवल्यावर विक्रेत्याने पुरावा म्हणून अतिनील टॉर्चखाली चमकणाऱ्या लाकडाचा व्हिडिओ पाठवला. बघायला झकास, पण त्या प्रकाशात लोकस्टही चमकतं. त्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. अट आधीच लिहिलेली होती: रंधा लावलेला माल परत घेतला जाणार नाही. रंधा लावल्याशिवाय लाकूड कळत नाही, आणि रंधा लावला की हक्क संपला. अशी अट दिसली तर व्यवहारापूर्वीच त्याच दांड्याची ढलपी मागा, ताज्या कापलेल्या टोकाचा फोटो मागा, आणि ओलावामापकाच्या सुया वॉर्निश खरवडून आत टोचायला सांगा. 8 ते 10 टक्के वाचन आलं तर पुढे बोला. ‘पाठ तयार’ नको, साल असलेलंच द्या म्हणा. साल काढायचे कष्ट परवडतात.

तोच विक्रेता सध्या ‘इंग्लिश लाँगबोसाठी अस्सल यू’ विकतो आहे, म्हणजे इंग्रजी पद्धतीच्या लांब धनुष्यासाठी यू झाडाचं लाकूड. 1545 मध्ये बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ जहाजावर सापडलेल्या यूच्या धनुष्यांचा दाखलाही देतो. त्या धाटणीच्या धनुष्यात पाठीला यूचं फिकट, बाहेरचं लाकूड असतं आणि पोटाला गडद गाभा. याच्या फोटोत फिकट पट्टी कुठेच नाही. दांडा नखशिखांत तपकिरी आहे, आणि वॉर्निश चांगलंच चकाकतंय.