हॅरोमध्ये घर घेताना मागच्या ओकचा ट्री सर्व्हे करून घेतला, त्याचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

लंडनमध्ये घर बघत असाल आणि मागे-पुढे मोठं झाड असेल तर हे वाचाच, कारण आमचं मॉर्टगेज एका झाडापायी जवळजवळ महिनाभर अडकलं होतं आणि त्या महिन्यात मला नीट झोप लागलेली नाही.

घर लंडनच्या हॅरो भागातलं, 1930 च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक. ऑफर मान्य झाली, सॉलिसिटर ठरला, मुलीच्या शाळेचं पण बघून झालं आणि मग बँकेच्या व्हॅल्युअरने रिपोर्टमध्ये लिहिलं की मागच्या भिंतीपासून साधारण 11 मीटरवर मोठा ओक आहे, झाडांच्या तज्ज्ञाचा रिपोर्ट आल्याशिवाय कर्ज देऊ नये. झाड आमच्या होणाऱ्या बागेत पण नाही हो, मागच्या घरातल्या आजींच्या बागेत आहे.

झाडाचा आणि कर्जाचा काय संबंध हे मला इथल्या कोणापेक्षा बाबांनी चांगलं समजावलं, परभणीहून, फोनवर. म्हणाले अगं ती माती आपल्या काळ्या मातीसारखी दिसतेय, उन्हाळ्यात आटते, भेगा पडतात, पाऊस पडला की फुगते, म्हणून तर आपण मुरूम लागेपर्यंत पाया खणतो. अगदी तेच आहे. लंडनचा बराचसा भाग ज्या चिकणमातीवर उभा आहे ती लंडन क्ले अशीच आटते-फुगते, त्यात ओकसारखं झाड उन्हाळाभर मुळांनी पाणी ओढून घेतं, माती आणखी आटते आणि वरचा पाया खाली बसतो. यालाच इथे सबसिडन्स म्हणतात. आणि या जुन्या घरांचे पाये आजच्या मानाने खूपच उथळ. 1971 पासून इथल्या घराच्या विम्यात हे कव्हर यायला लागलं आणि पाचच वर्षांत 1976 चा दुष्काळ पडला, तेव्हापासून विमा कंपन्या झाडांच्या बाबतीत सावध झाल्यात. 2022 च्या उन्हाळ्यात इथे पारा पहिल्यांदा 40 च्या वर गेला, तेव्हा पण असे क्लेम एकदम वाढले होते.

आता सर्व्हेचं. आधी आम्ही चूक केली ती सांगते. नवऱ्याने ऑनलाइन बघून एक स्वस्तातला माणूस बोलावला, जो झाडं तोडायचं काम करतो आणि सर्व्हे पण करून देतो. पंधरा मिनिटं कुंपणाअलीकडून बघून गेला, दोन पानांचा कागद पाठवला, त्यात झाड काढून टाका असं लिहिलेलं आणि खाली झाड काढायचं कोटेशन जोडलेलं. बँकेने तो कागद घेतलाच नाही. ज्याचं पोट करवतीवर चालतं त्याच्याकडून झाडाचा सर्व्हे करून घेऊ नका, एवढं एकच या रिव्ह्यूमधून लक्षात ठेवलंत तरी चालेल.

मग महाराष्ट्र मंडळात भेटलेल्या एका ताईंनी दुसरे गृहस्थ सुचवले. एकट्याचाच व्यवसाय आहे, स्वतः झाडं तोडत नाहीत, आर्बोरिकल्चरल असोसिएशन या झाडांच्या तज्ज्ञांच्या संस्थेचे रजिस्टर्ड कन्सल्टंट आहेत आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी इन्शुरन्स आहे, म्हणजे त्यांच्या सल्ल्यात चूक होऊन नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. हा इन्शुरन्स आहे का ते आधी विचारा, बँक पहिलं तेच बघते. फी 295 पौंड अधिक व्हॅट म्हणजे 354 पौंड.

फोनवरच त्यांनी तीन गोष्टी विचारल्या, बँकेने नेमके कोणते शब्द वापरलेत, घरात भेगा आहेत का आणि झाडाच्या मालकाची परवानगी आहे का. परवानगी नव्हती. मग मी स्वतः त्या आजींकडे गेले, घाबरतच गेले, त्यांना वाटेल ही नवीन बाई यायच्या आधीच झाड तोडायला निघाली. मी सांगितलं की तोडायचं नाहीये, नुसतं बघायचंय, तर त्यांनी आत बोलावून चहा दिला आणि मागचं दार उघडून ठेवते म्हणाल्या.

सर्व्हेच्या दिवशी हे गृहस्थ दीड तास होते. आधी झाडाकडे गेलेच नाहीत, घराच्या मागच्या भिंतीसमोर उभे राहून विटांच्या ओळी सरळ आहेत का ते बघत होते, मग खिडक्यांचे कोपरे. भेग वर रुंद आणि खाली निमुळती, तिरकी जाणारी, 3 मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर काळजी, नुसती प्लास्टरची केसासारखी रेघ असेल तर नाही, असं मला दाखवत दाखवत सांगत होते. आमच्याकडे केसासारख्याच निघाल्या. मागचं दार दोन-तीन वेळा उघडझाप करून बघितलं, अडकतंय का म्हणून.

मग झाड. जमिनीपासून दीड मीटरवर खोडाला टेप लावली, लेझरने उंची घेतली, 16 मीटर भरली. आणि एक नायलॉनचा हातोडा काढून खोडाभोवती फिरत ठोकायला लागले, कान देऊन, जसं आपण कलिंगड वाजवून घेतो तसं. आतून पोकळ असेल तर आवाज बदलतो. एका ठिकाणी थांबले, परत ठोकलं, बुंध्याशी गुडघे टेकून पाचोळा बाजूला केला आणि मुळांच्या बेचक्यात एक बारीक सळई खुपसून बघितली. बुरशी बघतोय म्हणाले, बुंध्याला भूछत्रं येत असतील तर आतून कुजतंय असा संशय घ्यायचा. काही निघालं नाही. त्या आजी सगळा वेळ खिडकीत उभ्या होत्या, त्यांना पण त्यांनी जाताना दोन मिनिटं थांबून सगळं सांगितलं, हे मला फार आवडलं.

रिपोर्ट 14 पानांचा, फोटो आणि नकाशासकट. एनएचबीसी म्हणजे इथे नवीन घरांना वॉरंटी देणारी संस्था, तिच्या नवीन बांधकामाच्या नियमांत ओक जास्त पाणी पिणाऱ्या झाडांत धरतात आणि पूर्ण वाढलेल्या उंचीच्या सव्वा पट अंतरापर्यंत त्याचा परिणाम गृहीत धरतात, म्हणजे 20 मीटरपर्यंत वाढणाऱ्या ओकला 25 मीटर. आमचं घर 11 वर. हे वाचून माझे हातपाय गार पडले, पण पुढच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं की घर आणि झाड इतकी वर्षं शेजारी आहेत, हालचालीची खूण आज दिसत नाही, आणि झाड एकदम काढलं तर मातीत पाणी परत भरून ती फुगेल आणि घर वर उचललं जाण्याचा धोका आहे. याला हीव्ह म्हणतात. म्हणजे पहिल्या माणसाचं ऐकलं असतं तर चांगलं घर आपल्याच हाताने बिघडवून घेतलं असतं.

शिवाय त्या ओकवर कौन्सिलचा टीपीओ निघाला, म्हणजे संरक्षित झाड, परवानगीशिवाय फांदी छाटली तरी गुन्हा. छाटायचं असेल तर अर्ज करायचा, त्याला साधारण आठ आठवडे. रिपोर्टमध्ये सल्ला एवढाच की दोन वर्षांनी परत तपासा आणि ड्रेनेजच्या पाइपची कॅमेरा तपासणी करून घ्या, कारण गळक्या पाइपने पण पाया खचतो आणि दोष झाडावर जातो. आम्ही केली, पाइप ठीक होता.

एक स्टार का कापला? रिपोर्ट सांगितल्यापेक्षा चार दिवस उशिरा आला, आणि घर घेताना चार दिवस म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्याला माहीत. त्यात एका पानावर आमच्या घराचा नंबर चुकला होता, बँकेने परत पाठवला. फोन केल्यावर त्याच दिवशी दुरुस्त करून दिला हे खरं, पण 354 पौंड घेताना हे व्हायला नको होतं. रिपोर्ट हातात आला की आधी पत्ता, नावं आणि बँकेचं नाव तपासा. घर विकणाऱ्यांकडे एक जुना ट्री रिपोर्ट होता, तो बँकेने चालवून घेतला नाही कारण तो दुसऱ्याच्या नावावर होता.

दुरुस्त रिपोर्ट गेल्यावर नवव्या दिवशी बँकेचा होकार आला. घराच्या विम्याच्या फॉर्मवर झाडाची उंची आणि अंतर विचारतात तिथे मी रिपोर्टमधलेच आकडे टाकले. इथे उगाच अंतर वाढवून लिहू नका, 2012 च्या कायद्याप्रमाणे चुकीची माहिती दिली तर कंपनी क्लेम कापू शकते किंवा नाकारू शकते. आम्हाला विमा नेहमीच्या दरातच मिळाला, सबसिडन्सला एक हजार पौंड एक्सेस, म्हणजे तेवढे आपल्या खिशातून.

सप्टेंबरमध्ये राहायला आलो. दोन वर्षांनंतरच्या तपासणीसाठी मी याच गृहस्थांना बोलावणार आहे, तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलीय आणि आजींना पण कळवलंय.