कोस्टर की पेटी? चिनी नक्षीच्या व्हिनियरकामाला हात घालण्याआधी

रंगीत व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, तुकडे जुळवून चिनी धर्तीची नक्षी करायची म्हटलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: आधी कोस्टर करा. कपाखाली ठेवायचा दहा सेंटिमीटरचा सपाट चौरस, बिघडला तर फारसं नुकसान नाही. हा सल्ला मला अर्धाच पटतो. कोस्टर करायला सोपा, पण टिकवायला अवघड. पेटी करायला अवघड, पण एकदा झाली की तिच्यावरच्या नक्षीला फारसं काही सोसावं लागत नाही.

कोस्टरच्या वाट्याला काय येतं ते बघा. वाफाळत्या चहाचा ग्लास, त्यानंतर फ्रिजमधल्या पाण्याचा ओलाकच्च पेला. नेहमीचा पांढरा फेविकॉल उष्णतेने मऊ पडतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनियरची कड हळूहळू उचलली जाते. म्हणून इथे पाण्याला आणि उष्णतेला टिकणाराच गोंद घ्यायचा. तळाला एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) नको, मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवुड) हवा, कारण एमडीएफची कड एकदा फुगली की परत बसत नाही. वरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन-चार हात द्यायचे, कडांना जरा जास्तच. लाख पॉलिशने शिसवी लाकडाच्या रंगाची खोली जशी उठून दिसते तशी दुसऱ्या कशानेही दिसत नाही, पण त्यावर गरम कप टेकला की पांढरं वर्तुळ उमटतं. कोस्टरला लाख लावूच नका. पेटीला मात्र लाखच लावावी, असं माझं ठाम मत आहे.

पेटीत खरी परीक्षा कोपऱ्यांची. चारही बाजू ४५ अंशांत कापून जोडताना प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी चूक साठत जाते आणि शेवटच्या कोपऱ्यात फट होऊन दिसते. नवख्याला मी सांगेन की साधी, बिजागरी नसलेली पेटी ओळखीच्या सुताराकडून करून घ्या आणि झाकण तेवढं स्वतः करा. यात कमीपणा काहीच नाही. नक्षी सगळी झाकणावरच असते आणि शिकायचं आहे ते तिथेच. झाकणाच्या आतल्या बाजूलाही व्हिनियर चिकटवायला विसरू नका. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते. कोस्टरलाही हाच नियम लागू आहे.

नक्षी निवडताना दोन्हींच्या वाटा अगदीच वेगळ्या होतात आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हावा. चिनी खिडक्यांमध्ये तडकलेल्या बर्फासारखी दिसणारी एक वेडीवाकडी जाळी असते. मिंग काळातला उद्यानरचनाकार जी चेंग याने १६३१ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात ती खिडकीसाठी फार शोभणारी म्हटली आहे आणि वर विरळ, खाली दाट ठेवण्याची युक्तीही दिली आहे. पेटीच्या झाकणावर ही युक्ती सुंदर दिसते. कोस्टरला वर-खाली असं काही नसतं, तो टेबलाच्या चारही बाजूंनी बघितला जातो. तिथे मध्यातून चारी दिशांना सारखी पसरणारी चौकोनी जाळीच हवी. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला ती लगेच जमते.

स्वस्तिकं एकमेकांत गुंफलेली जाळीही चिनी कामात सर्रास असते आणि आपल्या डोळ्यांना ती परकी वाटत नाही. पण स्वस्तिकावर चहाचा कप ठेवणं अनेक घरांत रुचणार नाही. ती झाकणावरच शोभते. चीनमध्ये पाच वटवाघळं ही पाच सुखांची खूण मानतात. व्याह्यांना तशी पेटी भेट देणार असाल तर अर्थ समजावून द्या, आपल्याकडे वटवाघूळ शुभ मानत नाहीत.

हत्यारांचं थोडक्यात. सरळ रेषांच्या जाळीला धारदार कटर आणि स्टीलची पट्टी पुरते. शिसवी तंतूंच्या दिशेने फाटते, म्हणून मागून मास्किंग टेप लावून घ्या. चिनी नक्षीतल्या ढगांच्या वळणांना बारीक पात्याची नक्षीची करवत हवी. गडद आणि फिकं व्हिनियर एकावर एक ठेवून एकदम कापलं की तुकड्यांची अदलाबदल करता येते आणि जोडीतले कोस्टर एकमेकांचे उलट होतात, हा कोस्टरचा मोठाच फायदा. लेझरवर कापून मिळतं, पण कडा करपतात आणि फिकट लाकडावर ती काळी रेघ मळकट दिसते. मी ते टाळेन.

व्हिनियर पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात शोधा. उरलेले तुकडे मिळाले तर कोस्टरला तेवढे पुष्कळ होतात. झाकणाला मात्र एकाच पानातले सलग तुकडे घ्या, नाहीतर रंग जुळत नाही. सागवानात तेल असतं, चिकटवण्याआधी ते थिनरने पुसून घ्या. चिनी दरबारी फर्निचरचं गडद जांभळट लाकूड हवंच म्हणून रक्तचंदनाच्या मागे लागू नका, त्याच्या व्यापारावर कडक निर्बंध आहेत. शिसवीने भागतं.

शेवटी पुण्याची हवा. एप्रिलच्या दुपारी ती कोरडी ठणठणीत असते, जुलैत सगळं दमट. सबंध लाकडाची पेटी उन्हाळ्यात करताना झाकण बोटाला किंचित सैल लागेल असं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात ते अडकून बसेल. दमट हवेत लाख दुधाळ होते, त्यामुळे पावसाळ्यात पॉलिशला हात लावायचा नाही. तेव्हा भेट दिवाळीत द्यायची असेल तर पेटी धरा, झाकणाची जुळणी पावसाळ्यात करून ठेवा आणि लाख ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर लावा. गणपतीतच द्यायची असेल तर कोस्टर करा आणि पीयूचे हात जून लागायच्या आत उरकून घ्या.