टेरेसवरच्या वाढीव बाथरूमला गरम पाण्याचा प्रेशर पंप बसवला, वापरून झालेला अनुभव

नाशिकला आमचं रो हाऊस आहे, धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा टेरेसवर एक खोली आणि अटॅच बाथरूम वाढवलं. बाथरूम एकदम झकास झालं, मोठा रेन शॉवर, कन्सील्ड डायव्हर्टर (नळ-शॉवरकडे पाणी वळवणारा, भिंतीत दडवलेला कॉक), सगळं, पण गरम पाण्याला धारच नाही. थंड पाणी बऱ्यापैकी यायचं आणि गरम नुसतं ठिबकल्यासारखं. 20 लिटरची बादली भरायला सात मिनिटं लागायची, डिसेंबरात सकाळी नाशिकच्या थंडीत शॉवरखाली उभं राहणं म्हणजे शिक्षाच.

कारण साधं आहे पण घर बांधताना कोणी सांगत नाही. आमचं गरम पाणी सोलर वॉटर हीटरचं, त्याची टाकी खालच्या मजल्याला भरपूर उंचीवर असते म्हणून खाली पाणी जोरात येतं, पण टेरेसवरच बाथरूम काढलं की टाकीचा तळ आणि शॉवर यांच्यात जेमतेम पाच फूट उरतात. दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर मिळतं, म्हणजे पाच फुटांना 0.15 बार. रेन शॉवर एवढ्यावर चालत नाही हो.

काँट्रॅक्टरने यावर उपाय म्हणून फक्त थंड पाण्याच्या लाइनला मोटर बसवून दिली होती आणि त्याने प्रॉब्लेम दुप्पट झाला. मिक्सरमध्ये थंड पाण्याचा जोर जास्त झाला की ते गरम लाइनमध्ये उलटं घुसतं, थेट सोलरच्या टाकीकडे जातं, आणि शॉवरला कोमटसुद्धा येत नाही. कोणी फक्त एका बाजूला पंप लावायला सांगत असेल तर सरळ नाही म्हणा.

मग ओळखीतून एक मिस्त्री आले, वयस्कर माणूस, त्यांनी पंपाचं नावही काढलं नाही. म्हणाले, "दादा, मोटर नंतर बघू, आधी पाइप दाखवा." टाकीपासून बाथरूमपर्यंत चाळीस फूट अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाइप) टाकलेला, मध्ये ढीगभर एल्बो, आणि दरवाज्यावरून पाइप वर चढवून परत खाली आणलेला. त्या चढावाच्या टोकाला हवा अडकते आणि प्रेशर कमी असलं की पाणी ती हवा ढकलूच शकत नाही. त्यांनी एक एल्बो कापून माझ्या हातात दिला, आत पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वाळलेला गोळा, भोक अर्धं बुजलेलं! शॉवरची जाळी पण क्षाराने पांढरी झालेली, कारण आमचं पाणी बोअरचं.

टाकीपासून मेन लाइन एक इंची, बाथरूमपर्यंत पाऊण इंची आणि फक्त शेवटच्या तुकड्याला अर्धा इंची केलं, पाइप सगळा एसडीआर 11 वाला (म्हणजे जाड भिंतीचा), टाकीकडून एकसारखा उतार. अर्धा इंचीच्या जागी पाऊण इंची घेतला की तेवढ्याच पाण्याला घर्षण सहा-सात पटीने कमी होतं, त्यामुळे पंप न लावताच बादली तीन मिनिटांत भरायला लागली. खरं सांगतो, नुसत्या बादलीने अंघोळ करत असाल तर इथेच थांबा, पंपाचा खर्च करूच नका.

आम्हाला शॉवर हवाच होता म्हणून पंप घेतला. 120 वॅटचे दोन छोटे इनलाइन पंप, एक गरम लाइनला आणि तसाच दुसरा थंड लाइनला, म्हणजे दोन्हीकडे जोर सारखा. गरमवाल्याच्या लेबलवर 90 अंश लिहिलंय का हे दुकानातच बघून घेतलं, साध्या पंपाचं सील गरम पाण्याने जातं आणि उन्हाळ्यात ट्यूबवाल्या सोलरचं पाणी फार तापतं. शॉवर उघडला की फ्लो स्विचने आपोआप चालू, बंद केला की बंद. आवाज अगदी कमी, रात्री शेजारच्या खोलीत कळत पण नाही. आता बादली दोन मिनिटांच्या आत भरते आणि डायव्हर्टर कुठेही फिरवा, पाणी एकसारखं मिळतं. मी पंपाला पाचपैकी साडेचार देईन.

अर्धा कापला कारण लाइट गेली की पाणी पंपातूनच रखडत येतं, त्यासाठी बाजूने एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाकून बायपास लाइन वेगळी करावी लागली, तो खर्च किमतीत धरा. आणि पाइप मोठा झाल्यामुळे त्यात थंड होऊन बसलेलं पाणीही दुप्पट, सकाळी पहिलं तीनेक लिटर गार येतं. ते आम्ही बादलीत धरून झाडांना घालतो, आणि पाइपाला फोमचं आवरण चढवलंय म्हणून दुसरा माणूस लगेच अंघोळीला गेला की गरमच मिळतं.

एक गोष्ट मिस्त्रींनी बजावून सांगितली ती लिहितोच. सोलरच्या टाकीवरचा हवेचा उभा पाइप कधी बुजवू नका, पंप जोरात ओढतो आणि हवा आत यायला वाट नसेल तर टाकी आत चेपते. आमच्याकडे त्याच्या तोंडावर पक्ष्यांनी काड्या कोंबल्या होत्या, त्या काढून वर जाळी बसवली आणि मगच पंपाचं बटण दाबलं.